महागडी रोड बाईक घेताना: आधी माप, मग मेकॅनिक, पैसे सगळ्यात शेवटी

ड्रॉप हँडलची चांगली कार्बन सायकल घ्यायची म्हटली की आज बोलणं अडीच-तीन लाखांच्या पुढेच सुरू होतं. सल्ला विचारायला येणारे बहुतेकजण मॉडेल आणि रंग ठरवूनच येतात. मग सवलत शोधतात, सवलत असेल त्या दुकानात जातात, आणि तिथे जे माप शिल्लक असेल ते ‘चालून जाईल’ म्हणून घेतात. सहा महिन्यांनी मान अवघडते, तळव्यांना मुंग्या येतात, हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकला तर नवा मिळत नाही. शेवटी सायकल विकायला निघते, तीही मोठा तोटा सोसून.

यात निवडलेली सायकल बहुतेक वेळा चांगलीच असते, चुकलेला असतो तो क्रम. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच ओळीने करा. एक पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. सगळं मिळून महिना-दीड महिना लागतो, आणि तेवढा वेळ काढणं परवडतं.

## टप्पा १: शरीराचं माप

‘मी ५ फूट ८ इंच, म्हणजे ५४ नंबर’ हा हिशेब सोडून द्या. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो.

अनवाणी, सायकलिंग शॉर्ट घालून भिंतीला पाठ टेकून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या जोराने वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. ८० सेंटिमीटरला ती सुमारे ७०.६ येते. ही फक्त सुरुवात आहे, शेवटचा आकडा फिटिंगमध्ये, म्हणजे तज्ज्ञ फिटर सायकल अंगाला जुळवून देईल तेव्हा, ठरेल.

यानंतर फ्रेमचे दोन आकडे शिकून घ्या. क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची, हँडलखालची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पानावर हा तक्ता असतो. दोन कंपन्यांच्या ‘एम’मध्ये स्टॅकचा दोन-तीन सेंटिमीटरचा फरक आढळतो, त्यामुळे ‘एम’, ‘५४’, ‘५६’ या नावांवर विसंबू नका. सध्याच्या सायकलवर आरामात बसता येत असेल तर तिचे हेच दोन आकडे काढा आणि नव्या सायकलच्या आकड्यांशेजारी लिहा.

मोठा खर्च करणारच असाल तर सायकल घेण्याआधी एकदा चांगल्या फिटरकडे बसून या. लोक फिटिंग सायकल घेतल्यानंतर करतात. तेव्हा फिटरच्या हातात सीट, स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) आणि हँडल एवढंच उरतं, फ्रेम बदलता येत नाही.

माझी पहिली कार्बन सायकल एक माप मोठी होती. माझं माप संपलं होतं, आणि दुकानदाराने ‘छोटा स्टेम लावून देतो’ असं सांगितलं. २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब राईड) शेवटचे ६० किलोमीटर मी एका हाताने हँडल धरून दुसरा हात झटकत काढले.

सावधान: फ्रेम अंगाला बसवायला ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) किंवा ८० मिलिमीटरहून आखूड स्टेम लागत असेल, तर माप चुकलंय. कितीही सवलत असली तरी ती सायकल सोडा.

## टप्पा २: कुठे आणि किती चालवणार

इथे फार वेळ लागत नाही, पण उत्तर प्रामाणिक द्या. शर्यतीत उतरणार असाल तर खाली वाकून बसण्याची रेस फ्रेम. बीआरएम, शनिवार-रविवारच्या लांब राईड, पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरची स्वप्नं असतील तर एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची, फ्रेम. तिचा स्टॅक जास्त असतो, रुंद टायर बसतात. आपल्या रस्त्यांवर मी किमान ३२ मिलिमीटर टायरची जागा असल्याशिवाय कुणालाही सायकल सुचवत नाही.

गिअरकडे मात्र नीट बघा. रेस सायकलवर पुष्कळदा पुढच्या चकत्यांना ५२-३६ आणि मागच्यांना ११-३० दाते येतात. सिंहगड किंवा आंबेनळी घाट चढताना सगळ्यात हलका गिअर ३६-३० राहतो. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर प्रत्येक पेडलला चाक एकदाच फिरतं, ३६-३० ला ते १.२ वेळा फिरवावं लागतं. घाटात दोन तास हा फरक गुडघ्यांना सोसावा लागतो. ५०-३४ क्रँक आणि ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मागा. शिमानो कंपनीच्या १०५ या गिअर-ब्रेक संचाच्या बारा स्पीडमध्ये (मागे बारा चकत्या) ११-३६ कॅसेटही आहे.

## टप्पा ३: सायकलीआधी मेकॅनिक निवडा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि नंतरचा सगळ्यात जास्त मनस्ताप इथूनच येतो. आजच्या महागड्या सायकलीत ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) आणि केबल हँडलच्या आतून, हेडसेटच्या (हँडल वळतं त्या जोडाच्या) बेअरिंगमधून जातात. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि गोव्यात, ते बेअरिंग लवकर गंजतं. ते बदलायचं तर काही सायकलींत ब्रेकचा होज सोडून, नव्याने बसवून, तेल भरावं लागतं. हे काम कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही.

आधी भारतात त्या ब्रँडचा अधिकृत आयातदार कोण आहे ते शोधा. काही ब्रँड स्वतःच्या भारतीय कंपनीमार्फत येतात, काही वितरकामार्फत. वितरक बदलतात, आणि बदलाच्या काळात सुट्या भागांचा आणि वॉरंटीच्या दाव्यांचा कुणी वाली नसतो. ‘डीलर शोधा’ पानावर दुकानाचं नाव दिसलं तरी फोन करून खात्री करा, कारण ती पानं वर्षानुवर्षं जुनी राहतात.

मग दुकानात जा, पण खरेदीसाठी नाही. जुनी सायकल सर्व्हिसिंगला द्या आणि काम होताना शेजारी उभे राहा. कार्बनच्या भागांवर टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरतात का? काम सांगितलेल्या दिवशी होतं का? मग हे विचारा:

- हायड्रॉलिक ब्रेकचं तेल इथेच भरता की बाहेर पाठवता? शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या रोड ब्रेकला डॉट हे वेगळं तेल. दोन्हींची वेगळी साधनं ठेवली आहेत का?
- मला हव्या असलेल्या मॉडेलचा हँगर आत्ता दुकानात आहे का?
- फ्रेमच्या वॉरंटीचा शेवटचा दावा कधी केला, आणि किती दिवसांत निकाल लागला?
- तुमचा मेकॅनिक सुटीवर असेल तेव्हा कोण काम करतं?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. पुष्कळ दुकानांत महागड्या सायकली हाताळणारा एकच मुलगा असतो. तो सोडून गेला की ते दुकान तुमच्यासाठी फक्त शोरूम राहतं.

रत्नागिरी, लातूर, चंद्रपूर अशा ठिकाणच्या वाचकांना हे शहरवाल्यांपेक्षा जास्त लागू आहे. जवळचा सक्षम डीलर चार-सहा तासांवर असेल तर दोन गोष्टी करा. होज फ्रेममध्ये जातात पण हेडसेटमधून जात नाहीत अशी सोपी रचना निवडा, आणि इलेक्ट्रॉनिकऐवजी केबलवर चालणारे गिअर घ्या. शिमानोचं बारा स्पीडचं मेकॅनिकल १०५ २०२३ मध्ये आलं. त्याच्या वरचे संच, सध्याचं अल्टेग्रा आणि ड्युरा-एस, मात्र फक्त इलेक्ट्रॉनिक आहे. म्हणजे दूर राहणाऱ्यांसाठी खरी सीमा १०५वरच येते, आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

तपासा: दोन डीलर पसंत पडले का? एकच पसंत असेल तरी चालेल. एकही नसेल तर ब्रँड बदला, पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: मॉडेल, आणि त्यातले लपलेले खर्च

आता कुठे मॉडेलकडे वळायचं. तुमच्या डीलरकडे जे ब्रँड आहेत, त्यांतलीच दोन-तीन मॉडेलं घ्या. पुढचे मुद्दे जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतात.

बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग) आट्यांचं आहे की दाबून बसवलेलं? आट्यांचं काढायला-बसवायला सोपं असतं. दाबून बसवलेलं नीट बसलं नाही तर कुरकुरतं, आणि तो आवाज शोधण्यात महिने जातात.

रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) आहे का? असेल तर हवेचा दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही, आणि हुकलेसला चालणारेच टायर लागतात. पंक्चरनंतर आडगावात मिळेल तो टायर चढवायची सोय राहत नाही. वजनदार रायडर असाल तर मी हुक असलेली रिमच सुचवेन.

शिमानोच्या बारा स्पीड रोड कॅसेट जुन्या अकरा स्पीडच्या शिमानो फ्रीहबवरही (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसतात, त्यामुळे जुनी चाकं वाया जात नाहीत. स्रॅमच्या बारा स्पीडला मात्र बहुधा एक्सडीआर हा वेगळा फ्रीहब लागतो. इलेक्ट्रॉनिक घेणार असाल तर शिमानोची मुख्य बॅटरी एका चार्जमध्ये साधारण हजार किलोमीटर देते. शिफ्टरमध्ये नाण्याएवढे सेल असतात, ते आधीच घेऊन ठेवा.

निवडलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी डीलरकडून पाच भागांचे भाव लिहून घ्या: चेन, कॅसेट, ब्रेक पॅड, रोटर, हँगर. दोन मॉडेलांत कोणतं घ्यावं हे ठरत नसेल तर हा कागद पुष्कळदा निकाल लावतो.

## टप्पा ५: किंमत उलगडून बघा

आधी कर. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या साठ्यावर जुनं लेबल अजून दिसू शकतं. लोक छापील किमतीतून सरळ ७ टक्के वजा करतात, ते गणित चूक आहे. ३,३६,००० रुपये ही १२ टक्के करासह किंमत असेल तर मूळ किंमत ३,००,०००. त्यावर ५ टक्के धरले की ३,१५,०००. म्हणजे २१,००० रुपये कमी व्हायला हवेत. ही कराची कपात आहे, दुकानदाराची सवलत नाही. ‘खास तुमच्यासाठी २० हजार कमी’ असं कुणी म्हणालं तर मूळ किंमत काढून बघा. खरी सवलत ३,१५,०००च्या खाली सुरू होते.

परदेशी संकेतस्थळावरचा भाव दाखवून दुकानदाराशी वाद घालणं हीही नेहमीची चूक. २०२३च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. २०२५ मध्ये त्याची विभागणी २० टक्के शुल्क आणि १५ टक्के उपकर अशी झाली. भाडं आणि विमा धरून १,००,००० रुपयांना बंदरात आलेली सायकल या दराने १,३५,०००ची होते, आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लागून १,४१,७५०. आयातदाराचा आणि दुकानदाराचा वाटा त्यानंतर. शिवाय अमेरिकेतल्या किमतीत बहुधा तिथला विक्रीकर धरलेला नसतो. तुलना करायचीच तर भारतातल्या दोन डीलरांची करा.

आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी असायला हवी. त्या लेबलचा फोटो मागा. सायकल कधीपासून पडून आहे ते त्यावरून कळतं. मागच्या वर्षीचं मॉडेल वाईट नसतं. फ्रेम तीच असून फक्त रंग बदलला असेल तर तीच सगळ्यात चांगली खरेदी. पण दोन वर्षं पडून असलेल्या सायकलीची बॅटरी, टायर आणि सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) तपासून घ्या, आणि सवलत तशीच मागा.

दुकानदार किमतीवर ताठ असेल तर रोख सवलतीसाठी घासाघीस करण्यापेक्षा फिटिंग, एक जास्तीचा हँगर, वर्षभराची सर्व्हिसिंग आणि स्टेमची अदलाबदल मागा. महागड्या सायकलीवर त्याला ते देणं सोपं जातं, आणि तुम्हाला ते लागणारच असतं.

## टप्पा ६: माप मिळत नसेल तर

मधली मापं लवकर संपतात, खूप लहान आणि खूप मोठी फारशी मागवलीच जात नाहीत. डीलरला आयातदाराच्या गोदामातला साठा बघायला सांगा. त्याच फ्रेमचं, खालच्या ग्रुपसेटचं (गिअर-ब्रेक संचाचं) तुमच्या मापाचं मॉडेल दुकानात असेल तर त्यावर बसून माप पक्कं करा आणि हवं ते मागवा. फ्रेम तीच असेल तर ही चाचणी पुरेशी आहे.

दुसऱ्या शहरातून घ्यायची असेल तर तुमच्या गावच्या डीलरला आधी विचारा, की तो त्या सायकलीची वॉरंटी हाताळेल का. काही हाताळतात, काही नाही. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालेल.

परदेशातून नातेवाइकाबरोबर आणायची तर सामानातली ड्युटी-फ्री मर्यादा ओलांडली जातेच. शुल्क भरायची तयारी ठेवा, मूळ बिल जवळ ठेवा. शिवाय अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात खरेदी झाली त्या देशाच्या डीलरमार्फतच चालते. फ्रेमला तडा गेला तर सायकल परत तिकडे पाठवावी लागेल, हे धरूनच हिशेब करा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फ्रेमवरची आयुष्यभराची वॉरंटी बहुतेक कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात. आणि अकरा स्पीडचे अल्टेग्रा, ड्युरा-एस क्रँक असतील तर थांबा: जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या अशा क्रँकचे चिकटवलेले दोन भाग सुटू शकतात, म्हणून शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणी मोहीम जाहीर केली. क्रँकच्या आतल्या बाजूचा कोड बघा आणि तपासणी झाल्याचा पुरावा मागा. सीटपोस्ट (सीटचा दांडा) पूर्ण बाहेर काढून बघायला लावा. निघत नसेल तर घेऊ नका.

## टप्पा ७: कोटेशन आणि ॲडव्हान्स

तोंडी बोलण्यावर ॲडव्हान्स देऊ नका. लेटरहेडवर किंवा दुकानाच्या ईमेलवरून आलेल्या कोटेशनमध्ये हे असलं पाहिजे: मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष, माप, रंग, ग्रुपसेट, करासह किंमत, अंदाजे तारीख, आणि ठरलेल्या सगळ्या जोडगोष्टी.

दोन वाक्यं मुद्दाम लिहून घ्या. पहिलं, सायकल येईपर्यंत भाव वाढला तर जुनाच भाव लागू राहील, किंवा तुम्हाला पूर्ण ॲडव्हान्स परत घेऊन बाहेर पडता येईल. दुसरं, अमुक तारखेपर्यंत सायकल आली नाही तर ॲडव्हान्स इतक्या दिवसांत परत मिळेल. छापील अटींत ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू’ असं असेल तर ते खोडून दोघांच्या सह्या घ्या. माझ्या ओळखीच्या एकाचा ॲडव्हान्स सात महिने अडकला होता, आणि त्याच्याजवळ फक्त यूपीआयची नोंद होती. रक्कम कशासाठी दिली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ॲडव्हान्स दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख विक्रेत्याला घेताच येत नाही, म्हणून ‘कॅश द्या, बिल नको, कमी करतो’ हा प्रस्ताव ऐकूच नका. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि भांडण झालं तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला काही नाही. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करा.

## टप्पा ८: ताब्याचा दिवस

घाईच्या दिवशी जाऊ नका. सणाच्या दिवशी मुहूर्त साधायचा असेल तर तपासणी आदल्या दिवशी उरका. जाताना स्वतःचे पेडल आणि शूज न्या, बसून बघायला तेच लागतात.

१. बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा, दोन्हींचा फोटो घ्या.
२. फ्रेम उजेडात फिरवून बघा, विशेषतः चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी), सीटपोस्टची पकड आणि हेडट्यूब. ओरखडा दिसला तर बिलावर लिहून घ्या.
३. चाकं उचलून फिरवा. रोटर घासतोय का, रिम डोलतेय का?
४. सगळे गिअर चढउतार करून बघा, पुढची मोठी आणि मागची मोठी चकती या जोडीसकट.
५. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हेडसेटमध्ये टकटक जाणवली तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

सावधान: फोर्कची दांडी (जिच्यावर स्टेम बसतो) पहिल्या दिवशी कापू देऊ नका. स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालवा, सायकल दिसायला जरा बेढब दिसेल. एकदा कापलेली कार्बन दांडी परत वाढत नाही. किमान ५०० किलोमीटर झाल्यावर उंची पक्की करा, मग कापा.

घरी आल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. ‘सावकाश करू’ म्हणून राहिलेली नोंदणी पुष्कळांची वॉरंटी अडचणीत आणते.

## टप्पा ९: पहिले दोनशे किलोमीटर

नव्या डिस्क ब्रेकना बसायला वेळ लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा, चाक लॉक होऊ देऊ नका. असं प्रत्येक ब्रेकला वीस वेळा करा. हे केल्याशिवाय घाट उतरू नका.

पहिल्या राईड ४०-५० किलोमीटरच्याच ठेवा. सीट किंवा हँडल बदलायचं तर एका वेळी एकच बदल, तोही काही मिलिमीटरचा. दोनशे किलोमीटर झाले की सायकल दुकानात न्या: आऱ्यांचा ताण, सगळे बोल्ट, गिअरची जुळणी. नव्या चाकांचे आरे पहिल्या काही राईडमध्ये सैल पडतात, आणि ही सर्व्हिसिंग टाळली की वर्षभरात आरे तुटायला लागतात.

बसणं पक्कं झालं की टेपने चार मापं घ्या: सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, सीट आणि हँडलच्या उंचीतला फरक, सीट क्रँकच्या मध्यापासून किती मागे आहे. वहीत लिहा आणि सीटपोस्टवर टेपची बारीक खूण करा. सायकल खोक्यात घालून रेल्वेने किंवा विमानाने न्यावी लागली, तर उघडल्यावर तेच बसणं दहा मिनिटांत परत लावता येतं.